उजव्या हाताची मोजणी

पुतेओली बंदरात एखाद्या गुलामाचा काहीच उपयोग उरला नाही, की त्याला मुलांच्या मागे लावतात. ज्याला लिहिता येतं तो पेढीवर जातो, ज्याच्या अंगात जोर आहे तो धक्क्यावर, ज्याच्या हाताला चव आहे तो चुलीपाशी. जो उरतो त्याच्या हाती घरातला मुलगा देतात. त्याने मुलाला सकाळी शाळेत न्यायचं, त्याच्या मेणाच्या पाट्या उचलायच्या, मागच्या बाकावर बसून राहायचं आणि दुपारी परत आणायचं. मुलाचं बोलणं, चालणं, खाणं, वळण, सगळं त्याच्या अंगावर. गायस ओविनियसने आपल्या खेचरांसाठी माणूस ठेवला तेव्हा तीन दिवस चौकशी केली होती. मुलासाठी माणूस त्याने जेवता जेवता ठरवला.

तो माणूस मेनोफिलस. धक्क्यावर तेलाच्या रांजणांची रास त्याच्या अंगावर घसरली आणि कंबरेचं हाड वाकडं बसलं. तेव्हापासून तो ओविनियसच्या देकिमसमागे लंगडत चालायचा. मेनोफिलस माझा माणूस. कायद्याने नवरा नाही, कारण कायद्याने गुलाम कुणाचा नवरा होत नाही. पण अकरा वर्षं आम्ही एकमेकांचे होतो. मीही गुलामच होते, दुसऱ्या घरातली. माझ्या मालकिणीने मरताना मला मोकळं केलं आणि तिच्या घरी मुनिमाच्या हाताखाली शिकलेली मोजणी एवढीच माझी कमाई बरोबर आली.

मासळीबाजाराच्या मागे, दोन खांबांना बांधलेल्या ताडपत्रीखाली मी मोजणी शिकवते. खडे, चौकटीचा पाट आणि बोटं. माझ्याकडे येतात ती धान्य मापणाऱ्यांची, जाळी विणणाऱ्यांची, दोर वळणाऱ्यांची मुलं आणि मुली, शिवाय बऱ्या घरची चारपाच. बोटांचं काम त्यांना आधी यावं लागतं, कारण आमच्या बंदरात ओरडून सांगितलेलं ऐकू येत नाही. जहाजावरचा माणूस हात वर करतो आणि धक्क्यावरच्याला आकडा कळतो. नव्व्याण्णवपर्यंत डावा हात, शंभरापासून पुढे उजवा. डाव्या हाताची करंगळी तळव्यावर दुमडली की एक. तीच करंगळी उजव्या हाताची दुमडली की एक हजार. सहा वर्षांच्या पोराला हे पाच दिवसांत येतं. ज्याला येत नाही त्याला सातव्या दिवशी येतं.

ओविनियसच्या घरात ते कुणालाच येत नव्हतं. त्याच्या आजोबांचे मासळीच्या आंबवणाचे हौद होते. वारा दक्षिणेकडून आला की अजूनही त्या हौदांचा वास शहरभर पसरतो. नातवाने हौद कारभाऱ्यावर सोपवले, बायाएच्या वाटेवर घर बांधलं आणि ठरवून टाकलं, की या घरात जन्मलेलं माणूस मोजणार नाही. मोजणं हे गुलामांचं काम. आपल्याकडे किती गुलाम आहेत हेसुद्धा तो गुलामालाच विचारायचा, आणि पाहुण्यांसमोर विचारायचा.

म्हणून देकिमसला अकराव्या वर्षीच थेट वक्तृत्वाच्या शाळेत घातलं. ती शाळा माझ्या ताडपत्रीला लागूनच, पडद्याआड भरायची. तिथले गुरुजी मात्रिनियस. उंच, देखणा माणूस, आवाज घागरीतून आल्यासारखा. त्यांच्याकडची मुलं दिवसभर चाचे, जुलमी राजे, पळवलेल्या मुली आणि विष घालणाऱ्या सावत्र आया यांच्याबद्दल बोलत. त्यांतल्या एकानेही चाचा पाहिला नव्हता. मुलांचे बाप धान्य आणत, तेल विकत, घरं भाड्याने देत. कोर्टात त्यांची भांडणं भिंतीवरून आणि गटारावरून होत. पण गटारावर बोलायला मात्रिनियस शिकवत नसत. गटारावर टाळ्या पडत नाहीत.

टाळ्यांचीही तिथे शिकवणी होती. एक मुलगा बोलायचा आणि बाकीचे बाकावर बसायचे. मात्रिनियसनी काठी जमिनीवर टेकली की सगळ्यांनी उडी मारून उठायचं आणि वाहवा करायची. मी एकदा ताडपत्रीखालून मोजलं. एका सकाळी बावीस वेळा उठले. बोलणाऱ्या मुलाला त्या दिवशी खोकला होता आणि निम्मं भाषण त्याने खोकण्यातच काढलं होतं.

मार्चच्या सुरुवातीला ओविनियसने मेनोफिलसला बोलावलं. देकिमसचं पहिलं जाहीर भाषण विद्येची देवी मिनर्व्हा हिच्या सणाच्या आदल्या दिवशी होतं. आई-बाप, पाहुणे येणार होते आणि शाळेचा बाजाराकडचा पडदा उघडा ठेवणार होते.

"पोरगा नीट बोलला तर तू मोकळा," ओविनियस म्हणाला. "माझ्या मुलाचा सांभाळ करणारा माणूस स्वतंत्र आहे, असं मला लोकांना सांगता येईल. पण माझं हसं झालं, तर लुकानियातल्या शेतावर. तिथे लंगड्यालाही काम असतं, बसून दाणे निवडायचं."

लुकानियाच्या शेतावर गेलेला त्याचा एकही गुलाम परत आल्याचं आम्हाला माहीत नव्हतं.

मेनोफिलसने दोन आठवडे मुलाच्या मागे राहून त्याचं भाषण ऐकलं. मुलगा वाईट नव्हता. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. भाषणाच्या चार दिवस आधी दोघं माझ्या ताडपत्रीपाशी थांबले, कारण मेनोफिलसची कंबर दुखत होती.

"बाईंना म्हणून दाखव," मेनोफिलस म्हणाला.

"इथे? मासळीच्या वासात?" देकिमसने नाक दाबलं. "बरं. ऐका हं."

विषय असा होता, की एक गरीब म्हातारा, त्याला दोन मुलगे, घरात एकच होडी. तीन चाचे येतात, दोन्ही मुलांना पळवतात आणि म्हाताऱ्याला म्हणतात, एकालाच सोडू, कोणता ते तू सांग. देकिमसने डावा हात अंगाभोवती गुंडाळलेल्या टोग्याच्या घडीत ठेवला, उजवा पुढे केला आणि म्हणाला, "मला दोन मुलगे होते!" ते म्हणताना त्याने उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुमडलं.

माझ्या पुढ्यातली सात मुलं एकदम हसली.

"काय झालं?" देकिमस म्हणाला. "रडायची जागा आहे ही."

"दोन हजार मुलगे झाले," दोरवाल्याची मुलगी म्हणाली. "उजवा हात केलास ना."

"मग?"

"मग काय मग? दोन डाव्यावर असतात. तुला एवढंही येत नाही? केवढा मोठा आहेस तू!"

मी तिला गप्प केलं आणि देकिमसला दोन बोटांत सगळं समजावलं. मुलगा हुशार होता, त्याला तिथल्या तिथे कळलं. चेहरा उतरला आणि तो मात्रिनियसकडे विचारायला गेला. थोड्या वेळाने परत आला तो मान ताठ करून.

"गुरुजी म्हणाले, डावा हात भाषणात बोलत नाही. तो टोगा धरतो. डावा हात हलवणारा माणूस कोळी दिसतो."

"आणि दोन हजार मुलगे असलेला माणूस कसा दिसतो, ते विचारलंस का?" मी म्हटलं.

"गुरुजी म्हणाले, आकडा महत्त्वाचा नाही, भावना महत्त्वाची."

मेनोफिलसने माझ्याकडे पाहिलं. मग मुलाला जवळ घेऊन हळूच म्हणाला, "बाळ, माझं एक ऐकशील? आकडा आला की हात छातीवर ठेव. काहीच दाखवू नकोस. भावना छातीतच असते ना?"

"असते," देकिमस म्हणाला. "ठेवीन."

चार दिवस त्याने छातीवर हात ठेवून सराव केला. मी रोज ऐकलं. चारही दिवस एकदाही चूक झाली नाही.

भाषणाच्या दिवशी मी माझा वर्ग लवकर सोडला आणि पडद्याच्या कडेला उभी राहिले. आत पहिल्या बाकावर ओविनियस, त्याचे चार मित्र आणि पायाशी धाकटी पोल्ला, आठ वर्षांची. बाहेर निम्मा मासळीबाजार. मेनोफिलस भिंतीपाशी पाट्या धरून उभा होता.

देकिमस चांगला बोलला. वादळ आलं, समुद्र काळा झाला, म्हाताऱ्याने केस उपटले. मात्रिनियसनी काठी टेकली आणि मुलं उडी मारून उठली. पुन्हा टेकली, पुन्हा उठली. देकिमसच्या गालांवर रंग चढला. अकरा वर्षांच्या मुलासाठी तीस जण उभे राहतात तेव्हा छातीवर ठेवायचा हात त्याच्या लक्षात राहत नाही. गुरुजींनी वर्षभर जो हात पुढे करायला शिकवला होता, तोच पुढे आला.

"मी गरीब माणूस! मला दोन मुलगे होते!"

बाजारात कुणीतरी खोकलं.

"घरात एकच होडी!" उजवी करंगळी आत.

"हजार होड्या!" मागून आवाज आला. "गरीब बिचारा!"

"आणि एके दिवशी तीन चाचे आले!"

मग कुणालाच आवरलं नाही. धान्य मापणारा फुस्कस माझ्या शेजारीच उभा होता. तो गुडघ्यांवर हात टेकून हसत होता. "तीन हजार चाचे! अरे, दोन हजार पोरांनी नुसत्या कालवांच्या शिंपा फेकल्या असत्या तरी पळाले असते!" कालवं विकणारी बाई टोपलीवरच बसली. मात्रिनियसनी घाईने काठी टेकली, मुलं उठली, पण तीही हसतच उठली. देकिमसने शेवटची वाक्यं न अडखळता म्हटली. रडत होता, तेवढं मात्र भाषणाला शोभलं.

ओविनियस उठला. तो लाल झाला होता, पण का ते त्याला समजत नव्हतं. भावना कळणारा माणूस होता तो. लोक हसताहेत एवढं त्याला कळलं.

"काय आहे हे?" त्याने मात्रिनियसना विचारलं.

"बाजारू माणसं, ओविनियस," मात्रिनियस म्हणाले. "करुणरस यांना झेपत नाही."

"माझा मुलगा चुकला का?"

"भाषेत एकही चूक नाही. माझ्याकडचं जे होतं ते निर्दोष होतं. आता घरी त्याच्यामागे कोण असतं, ते मला कसं ठाऊक?"

ओविनियस मेनोफिलसकडे वळला. गुलामाने अशा वेळी खरं सांगितलं तर तो मुलाला खाली पाहायला लावतो, आणि खोटं सांगितलं तर खोटारडा ठरतो.

"हातात काय चुकलं ते क्रेस्तेला विचारा की, धनी!" बाहेरून कालववाली ओरडली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. "ती काय उभी! अर्ध्या बंदराला तिनेच बोटं शिकवलीत."

ओविनियसने मला आत बोलावलं. चार मित्र, तीस मुलं, मात्रिनियस आणि बाहेर बाजार. देकिमस नाक पुसत माझ्याकडे पाहत होता.

"तू मोजणी शिकवतेस?"

"हो."

"मग सांग. माझ्या मुलाने आकडे बरोबर दाखवले की चुकीचे?"

चौदा वर्षं मी शिकवत होते. चौदा वर्षांत चूक असलेल्या उत्तराला मी बरोबर म्हटलेलं नव्हतं, कुणाच्या रडण्यासाठी नाही, कुणाच्या बापासाठी नाही. माझ्याजवळ दुसरं काही मोठं नव्हतं, हे होतं. भिंतीपाशी मेनोफिलस पाट्या धरून उभा होता.

"आमच्या बंदराच्या पद्धतीने पाहिलं तर वेगळे होते," मी म्हटलं. "अथेन्सच्या पद्धतीने बरोबर. तिकडे सभ्य माणसं सगळं उजव्यावरच मोजतात. डावा हात वापरतात ते हमाल."

हे वाक्य बनवायला मला काहीच वेळ लागला नाही. ओविनियससारख्याला काय पाहिजे ते त्याच्या तोंडावर लिहिलेलंच असतं, नुसतं वाचून दाखवायचं.

फुस्कसने तोंड उघडलं. त्याने आयुष्यभर परदेशी जहाजांवर मापं घेतली होती. अथेन्सचे लोक कसे मोजतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मेनोफिलसच्या वाकड्या कंबरेकडे पाहिलं.

"अथेन्स होय!" तो मोठ्यांदा म्हणाला. "मग आपण कशाला तोंड घालायचं बाबा. आपण आपले हमाल."

"मी तेच सांगत होतो," मात्रिनियस म्हणाले. "अथेन्स."

ओविनियसचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्याने मित्रांकडे पाहिलं. त्यांतले दोघं आधी हसले होते. आता त्यांनीही अथेन्स म्हणून मान डोलावली. मग ओविनियसने टोगा सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, की माझ्या मुलाला घडवणारा हा माणूस आजपासून गुलाम नाही. नऊ दिवसांनी रोमचे न्यायाधिकारी बायाएला स्नानासाठी येणार आहेत. त्यांच्यासमोर रीतसर होईल.

म्हणजे अजून नऊ दिवस होते.

त्या नऊ दिवसांत माझी पाच मुलं गेली. सगळी बऱ्या घरची, जी थोडंफार शिकायला यायची. पहिल्या आईने निदान कारण सांगितलं. "राग मानू नका, बाई. पण तुम्हीच म्हणालात ना, की खरी पद्धत अथेन्सची? मग तुम्ही ही हमालांची का शिकवता?"

"बंदरात तीच चालते."

"आमचा मुलगा बंदरात जाणार नाही."

मात्रिनियसनी आपल्याकडे अथेन्सची मोजणी सुरू केली. ती शिकवायला त्यांना स्वतःला काही शिकावं लागलं नाही. काठी टेकली की मुलं उजवी करंगळी दुमडून उठत.

आणि ओविनियसने भाषणाच्या दुसऱ्याच दिवसापासून पोल्लाला माझ्याकडे पाठवलं. मुलीने मोजलं तर त्याची हरकत नव्हती, मुलगी लग्न करून दुसऱ्याच्या घरीच जाणार. मात्र अथेन्सचीच पद्धत, त्याने निरोप दिला. शिकवणारीला येते हे त्याने ऐकलेलंच होतं.

पोल्ला चौकटीच्या पाटासमोर ताठ बसायची. मी तिला उजव्या हाताचा एक शिकवला, दोन शिकवला. सहाव्या दिवशी तिने विचारलं, "बाई, हे दोन. मग दोन हजार कसे दाखवायचे?"

"तसेच."

"मग समोरच्याला कसं कळणार, कोणते?"

"भावनेवरून," मी म्हटलं.

"असं नसणार," ती म्हणाली. "तुम्ही उद्या सांगा."

दोरवाल्याची मुलगी शेजारी बसून डाव्या हातावर वजाबाकी करत होती. ती माझ्याकडे बघेना. तिने त्या दिवशी पडद्याबाहेरून मला खोटं बोलताना पाहिलं होतं आणि अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सात वर्षांच्या मुलीवर मी ते ओझं टाकलं होतं.

नवव्या दिवशी न्यायाधिकारी पालखीतून स्नानगृहाकडे निघाले होते. ओविनियसने त्यांना वाटेत गाठलं. पालखी खाली ठेवली, न्यायाधिकाऱ्यांनी उतरण्याची तसदी घेतली नाही. त्यांच्या माणसाने मोकळं करण्याच्या रीतीप्रमाणे मेनोफिलसच्या खांद्याला काठी लावली, ओविनियसने त्याला हाताने धरून एकदा गोल फिरवलं आणि सोडलं. मेनोफिलसला एका पायावर नीट फिरता येत नाही. तो पडला असता, मी धरलं. न्यायाधिकाऱ्यांनी विचारलं, पाणी गरम आहे ना? त्यांच्या माणसाने आहे म्हटलं आणि पालखी उचलली.

"झालं?" मेनोफिलस म्हणाला.

"झालं," मी म्हटलं.

"एवढंच?"

आम्ही रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "तुझी पाच मुलं गेली."

"सहा. दोरवाल्याची पोरगी परवापासून आली नाही."

"तिला जाऊन सांग."

"आधी पोल्लाला सांगते. तिला मी नऊ दिवस शिकवलंय."

दुसऱ्या दिवशी पोल्ला आली, पाटासमोर बसली आणि उजवा हात पुढे केला.

"तो नको," मी म्हटलं. "मी तुला चुकीचं शिकवलं. अथेन्समध्ये कुणी असं मोजत नाही. नव्व्याण्णवपर्यंत डावा हात असतो, इथेही आणि तिथेही. तुझ्या वडिलांना मी खोटं सांगितलं."

"का?"

"मेनोफिलसला शेतावर पाठवतील म्हणून."

आश्चर्य तिला माझ्या खोटेपणाचं वाटलं नव्हतं. उलट, तिचा अंदाज बरोबर निघाला याचा आनंद ती दाबत होती.

"मग आता बाबांना सांगायचं का?"

"सांग. आता सांगितलं तरी चालेल. मीही येते सांगायला."

"काही उपयोग नाही, बाई." ती एखाद्या दमलेल्या मोठ्या बाईसारखी बोलली. "काल जेवायला बायाएचे पाहुणे होते. बाबांनी सगळ्यांना उजव्या हातावर मोजून दाखवलं. म्हणाले, आम्ही घरात पहिल्यापासून असंच मोजतो, आजोबांनी अथेन्सहून आणलं. पाहुणे शिकून गेले. आता तुम्ही सांगायला गेलात तर बाबा म्हणतील, ही बाई हमालांना शिकवते, हिला काय कळतं."

"पण मीच त्यांना सांगितलं होतं."

"ते त्यांना आठवत नाही," पोल्ला म्हणाली आणि टोग्याच्या घडीत खुपसून ठेवलेला डावा हात बाहेर काढला. "तुम्ही शिकवा मला. घरी मी उजवा दाखवीन."